खड्डे चोवीस, मापं चार

(दृश्य: पाथर्डी फाट्याजवळचा प्लॉट. फक्कीने आखलेले चौकोन, जेसीबी चालू.)

नाशिकमध्ये पायाचं खोदकाम सुरू झालं की पहिला प्रश्न ठरलेला: मुरूम किती फुटांवर लागला? खाली काळा पाषाण, त्यावर मुरूम, वर काळी माती. कुठला थर किती जाड, हे मात्र प्लॉटगणिक बदलतं.

या इमारतीला चोवीस कॉलम आहेत आणि प्रत्येकावरचा भार निराळा. सॉफ्टवेअर प्रत्येकाला निराळं फूटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा रुंद पाया, काढून देतं. गणित चुकीचं नाही. कॉलमवर ८० टन, जमिनीची सुरक्षित धारणक्षमता, म्हणजे ती बिनधोक पेलते तो भार, चौरस मीटरला २० टन. फूटिंगच्या वजनापोटी १० टक्के वाढवले की ८८ टन. २० ने भागा, ४.४ चौरस मीटर येतात, म्हणजे २.१ मीटरचा चौकोन. शेजारी ६८ टन असतील तर १.९५ मीटर पुरतं. पलीकडे २.००, मग २.०५.

आता हा कागद घेऊन खड्ड्यात उतरा. पाच सेंटिमीटरचा फरक जेसीबीच्या बकेटला कळतच नाही. सळई कापून बांधणाऱ्या फिटरला मात्र दर जाळीला सळई वेगळ्या मापाची कापावी लागते, सेंट्रिंगवाल्याला फळ्या बदलाव्या लागतात. संध्याकाळच्या घाईत २.०५ ची जाळी २.१० च्या खड्ड्यात गेली तर कोणाच्या लक्षात येणार?

म्हणून चोवीस कॉलमचे चारच गट केले, प्रत्येक गटाला एक माप. ६८ ते ८० टनांचे सगळे कॉलम एका गटात टाकले. नाव एफ-२, माप २.१ मीटर, डिझाइन गटातल्या सर्वांत जड कॉलमचं. ६८ टनवाल्याला काँक्रीट जास्त लागलं ते किती? ४५० मिलिमीटर जाडीला पाव घनमीटरच्या जरा वर. एवढं खुशाल जाऊ द्यावं.

३५ टनांचा कॉलम मात्र या गटात कोंबायचा नाही. प्रश्न नुसत्या काँक्रीटचा नाही. त्याच्याखाली जमिनीवरचा दाब निम्म्याहून कमी होतो, तो कमी खचतो, शेजारचा जास्त खचतो, आणि हा फरक मधल्या बीमला सोसावा लागतो.

(दृश्य: खड्ड्याच्या काठावर मिस्त्री आणि इंजिनिअर.)

"साहेब, याला चारी बाजूंनी थोडं वाढवून टाकू का? मोठा पाया वाईट थोडाच असतो!"

"वाढवा, पण मग जाडी आणि सळई मला पुन्हा काढून द्यावी लागेल."

साहेबांचं बरोबर आहे. ८० टन भार, ३०० मिलिमीटरचा कॉलम. फूटिंग २.१ चं २.५ मीटर केलं तर कॉलमबाहेरचा भाग लांबतो आणि कॉलमच्या कडेशी वाकवणारा जोर सुमारे २५ टक्क्यांनी वाढतो. जाडी तीच ठेवली, तर मिस्त्रींच्या चांगुलपणाने फूटिंग उलट कमजोर होतं.

जाळीखाली कव्हर ब्लॉक ठेवलेत, सळईभोवती काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, राहावा म्हणून. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे फूटिंगला किमान ५० मिलिमीटर कव्हर लागतं. इथे विटेचा तुकडा चालत नाही.

नाल्याकडच्या दोन खड्ड्यांत अजून काळी मातीच निघते आहे. हे दोघेही एफ-२ मधलेच. त्यांच्यासाठी पाचवं माप काढायचं नाही. मुरूम लागेपर्यंत खोदायचं. ड्रॉइंगवर फक्त तळाची पातळी बदलेल, आणि तिथले कॉलम लांब झाले म्हणून त्यांची सळई नव्याने तपासली जाईल.