जुन्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर: निवड आणि बदल

पडद्यावर दिसतो आहे तो एका जुन्या पेट्रोल गाडीच्या एक्झॉस्टमधून नुकताच काढलेला ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे धुरातला ऑक्सिजन ओळखून पेट्रोलचे प्रमाण ठरवायला मदत करणारा भाग. त्याच्या टोकावरची कोरडी काजळी इंजिनात पेट्रोल जास्त जात असल्याचे सांगते. दोष पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचा की सेन्सरचा, हे मात्र ती सांगत नाही. त्याऐवजी पांढरा, खरखरीत थर असता, तर सिलिकॉन सीलंट किंवा कूलंट इंजिनात शिरल्याचा संशय आधी घ्यावा लागला असता, कारण ते कारण दूर केल्याशिवाय बसवलेला नवा सेन्सरही तसाच निकामी होतो.

बॉश कंपनीने १९७६ मध्ये व्होल्वोच्या मोटारींसाठी आणलेल्या या सेन्सरचे तत्त्व आजही तेच आहे. झिर्कोनिया या सिरॅमिकचा घटक सुमारे ३५० अंश सेल्सिअसला तापला की सेन्सरच्या आत येणारी बाहेरची हवा आणि एक्झॉस्टमधला धूर यांतील ऑक्सिजनच्या फरकानुसार तो ०.१ ते ०.९ व्होल्ट निर्माण करतो, आणि एका किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा या प्रमाणाच्या आसपास हा व्होल्टेज झपाट्याने बदलतो. इंजिन तापल्यावर मल्टिमीटरचा काटा सतत वरखाली होत नसेल, तर सेन्सर संशयास्पद ठरतो. मात्र त्याआधी एक्झॉस्टचा जोड गळत नाही ना, हे पाहावे; बाहेरची हवा आत शिरली की चांगला सेन्सरही खोटे बोलतो.

निवडताना पार्ट नंबर आणि वायरींची संख्या जुळायलाच हवी. एक वायरवाल्यात घटक तापवणारा हीटर नसतो, तीन-चार वायरवाल्यात असतो. बॉशच्या सेन्सरमध्ये दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या असतात. काही जुन्या गाड्यांत टायटेनिया या वेगळ्या सिरॅमिकचा सेन्सर असे, त्याजागी झिर्कोनियाचा चालत नाही. वायर जोडून घ्यावा लागणारा युनिव्हर्सल सेन्सर स्वस्त पडतो, पण आमच्या मते मूळ कपलरसह (वायरीच्या टोकाच्या प्लगसह) येणाराच घ्यावा. अनेक सेन्सरांना तुलनेसाठी लागणारी हवा वायरीच्या तारांमधूनच मिळते, त्यामुळे तिथे सोल्डरिंग करणे म्हणजे त्याचा श्वास कोंडणे होय.

काढताना गंज सैल करणारा स्प्रे मारून, इंजिन कोमट असताना, खाच असलेला २२ मिलिमीटरचा सॉकेट वापरावा. नव्याच्या आट्यांवर अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) आधीच लावलेले नसेल तरच लावावे, टोकाला लागू देऊ नये, आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर), म्हणजे बहुधा ४० ते ५० न्यूटन-मीटरला, आवळावे. वायर एक्झॉस्टला टेकणार नाही अशी बांधून, स्कॅनरने गाडीच्या संगणकात नोंदलेला जुना दोषाचा कोड पुसावा आणि गाडी तापल्यावर व्होल्टेज पुन्हा एकदा पाहावा.