नळाजवळची भिंत

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगावात वाढलेल्यांचा चित्रकलेचा पहिला वर्ग दिवाळीच्या आधी गल्लीत भरतो. दगडविटांचा ढीग, वर भिजवलेलं गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप आणि उतारावर पेरलेले अळीव. किल्ला कुणा एकाचा नसतो, चिखल तुडवला त्या सगळ्यांचा. मी पुढं रीतसर कला शिकलो आणि नेमकं हेच विसरलो.

वडगावात विणकरांच्या एका गल्लीत नळाजवळ भिंत होती. पोपडे आलेली, पिचकाऱ्यांनी रंगलेली. मी तिच्यासाठी कागदावर चित्र काढून नेलं. "छान हाय," म्हणून लोक घागरी भरायला वळले. ते "छान हाय" मला चांगलंच झोंबलं.

मग चित्र गुंडाळून ठेवलं. मडक्यांसाठी नावाजलेल्या खानापूरची माती आणली, वीतभर फरश्या थापल्या आणि सांगितलं, घरातली एखादी वस्तू आणून यात दाबा. किल्ली आली, सोऱ्याची चकती आली, पैंजण आलं. एक म्हातारे विणकर झिजलेला धोटा घेऊन आले, म्हणजे सुताची कांडी पोटात घेऊन मागावर इकडून तिकडं पळणारी छोटी होडीच. मातीत दाबला, उचलला, वाकून बघितलं. म्हणाले, "कांडीची जागा उठली न्हाई. दुसरी दे."

पहिली भट्टी वाया गेली. चूक माझीच. घाईनं उन्हात वाळवल्या. कडा सुकल्या, पोट ओलं राहिलं. आतल्या पाण्याची भट्टीत वाफ झाली आणि निम्म्या फुटल्या. दुसऱ्या खेपेला मातीत खापरांचा चुरा मळला आणि फरश्या सावलीत, गोणपाटाखाली हळूहळू वाळवल्या. किल्ल्याचं गोणपाट असं कामी आलं!

गल्लीचं नाव कुठल्या लिपीत घालायचं, यावर एक संध्याकाळ गेली. आपल्या भागात ही संध्याकाळ चुकत नाही. शेवटी एक आज्जी घागर काखेत घेत म्हणाल्या, "नळाला कधी नाव घातलंय काय? मग भिंतीला कशाला?" शेजारणीसाठी तेच कन्नडमध्ये सांगितलं. विषय मिटला.

आता पाणी आलं की पोरं आपापली फरशी शोधतात. भिंतीला स्कूटर टेकलेली असते, खिळ्याला पिशवी. परवा गेलो तर एक फरशी निखळलेली. त्या जागी कुणीतरी सिमेंटात फुटक्या हिरव्या बांगड्या बसवल्या होत्या, अगदी नीट, गोलाकार. कुणी बसवल्या म्हणून विचारलं, तर जो तो म्हणतो, "मी न्हवं."