ऑब्जेक्टिव्हवर कोरलेले चार आकडे

[दृश्य: काळी पार्श्वभूमी. संथपणे फिरणारं एक छोटं ऑब्जेक्टिव्ह. पिवळी पट्टी, मग कोरलेली अक्षरं.]

कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या साध्या मायक्रोस्कोपवर फिरत्या चकतीला तीन-चार ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे वस्तूकडच्या बाजूची भिंगं, लावलेली असतात. त्यातलं पिवळ्या पट्टीचं दहा एक्सचं, म्हणजे दहापट मोठं करणारं. अंबाल्यात बनलेलं असो नाही तर जपानमध्ये, त्याच्या अंगावर बहुतेक वेळा हेच लिहिलेलं दिसतं: १०/०.२५ आणि त्याखाली १६०/०.१७. हेच ऑब्जेक्टिव्ह कॅमेऱ्यावर लेन्ससारखं चढवून बारीक वस्तूंचे फोटो काढता येतात. चढवायच्या आधी हे चार आकडे नीट वाचले, तर पुढच्या निम्म्या चुका टळतात.

पहिला आकडा १०. सेन्सरवर पडणारी प्रतिमा वस्तूच्या दहापट मोठी. पुष्कळ कॅमेऱ्यांत असतो तो एपीएस-सी सेन्सर साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे फ्रेममध्ये वस्तूचा जेमतेम २.३५ मिलिमीटरचा पट्टा मावतो. फोडणीतली एक मोहरी ठेवली की चित्र भरलं. नेहमीची मॅक्रो लेन्स जिथे थांबते, म्हणजे एकास एक, तिथून हा खेळ बराच पुढे सुरू होतो.

[दृश्य: कॅमेरा, काळ्या नळ्या, टोकाला ऑब्जेक्टिव्ह. शेजारी स्टीलची मोजपट्टी.]

तिसरा आकडा आधी घेऊ, कारण जोडणी त्याच्यावर ठरते. १६० म्हणजे मायक्रोस्कोपच्या नळीची लांबी, मिलिमीटरमध्ये. प्रतिमा मात्र नळीच्या वरच्या तोंडाशी तयार होत नाही, तिथून १० मिलिमीटर आत होते. म्हणून ऑब्जेक्टिव्हच्या खांद्यापासून सेन्सरपर्यंत हवं असतं १५० मिलिमीटर अंतर. त्यातून कॅमेऱ्याच्या माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर वजा करायचं. कॅनन ईएफला ४४, म्हणजे १०६ मिलिमीटरच्या एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे पोकळ नळ्या, लागतील. निकॉन एफला ४६.५, तिथे १०३.५. सोनी ईला फक्त १८, म्हणून १३२. अ‍ॅडाप्टरची जाडीही याच बेरजेत धरायची. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर चार किंवा दहा एक्सला काही बिघडत नाही. पण १५०ऐवजी शंभर मिलिमीटरवरच उरकलं तर मोठेपणा घटतो आणि प्रतिमाही मऊ पडू लागते.

ऑब्जेक्टिव्हचे आटे आरएमएस या मायक्रोस्कोपसाठी ठरलेल्या मापाचे असतात: व्यास २०.३२ मिलिमीटर, इंचाला ३६ आटे. आरएमएस ते एम-४२ (४२ मिलिमीटरचे आटे) अशी चपटी रिंग सहज मिळते, आणि एम-४२च्या ट्यूब सगळ्यात स्वस्त. रिंग बसवताना घट्ट वाटलं तर जोर लावू नका. पितळेचे आटे एकदा तिरके गेले की ते ऑब्जेक्टिव्ह कायमचं वाकडं बसतं.

कॅमेऱ्याला समोर लेन्स दिसत नाही म्हणून काही मिररलेस कॅमेरे शटरच सोडत नाहीत. मेनूमध्ये 'लेन्सशिवाय रिलीज' चालू करा. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन बंद.

ट्यूबच्या आतल्या बाजूला काळा मखमली कागद लावायचा. बाहेरून काळी दिसणारी ट्यूब आतून चांगलीच चकाकते, आणि ती चकाकी सेन्सरवर पसरून चित्राच्या मधोमध धुकट पांढरा डाग उमटतो. ऑब्जेक्टिव्ह खराब आहे असं समजून लोक ते बदलतात. डाग तसाच राहतो.

आता चौथा आकडा, ०.१७. वस्तूवर इतक्या मिलिमीटर जाडीची कव्हर स्लिप, म्हणजे झाकायची पातळ काच, आहे असं गृहीत धरून काचा घडवल्या आहेत. आपण उघडी वस्तू टिपतो, मग? एनए, म्हणजे दुसरा आकडा (त्याच्याकडे पुढे येऊ), ०.२५च्या आसपास असेपर्यंत फरक डोळ्याला कळत नाही. ४०एक्स/०.६५ मात्र त्याशिवाय पार बिघडतं. शिवाय ते वस्तूपासून अर्ध्या मिलिमीटरवर आणावं लागतं, तिथे प्रकाश शिरायचा कुठून? शंभर एक्सचं तर तेलात बुडवून वापरायचं असतं. ही दोन्ही जिथली तिथे राहू द्या.

साध्या अ‍ॅक्रोमॅट प्रकारच्या ऑब्जेक्टिव्हमध्ये मधला भाग छान येतो आणि कडा मऊ पडतात. प्लॅन लिहिलेलं असेल तर कडाही टिकतात. जुन्या ऑब्जेक्टिव्हमध्ये आणखी एक मेख आहे: पुष्कळ कंपन्या रंगदोषाचा काही भाग आयपीसमध्ये दुरुस्त करायच्या. आयपीस काढला की कडेला लाल-निळ्या झालरी येतात. निकॉनने १९७६मध्ये आणलेल्या सीएफ मालिकेत ही दुरुस्ती ऑब्जेक्टिव्हमध्येच केलेली आहे, म्हणून कॅमेऱ्याच्या मंडळींत जुन्या निकॉन सीएफला अजून मागणी असते.

[दृश्य: लांब टेली लेन्स, तिच्या तोंडाला जोडलेलं जाडजूड ऑब्जेक्टिव्ह.]

१६०च्या जागी आडवा आठ, म्हणजे अनंताची खूण असेल, तर नुसत्या नळीने भागत नाही. अशा ऑब्जेक्टिव्हमधून समांतर किरण बाहेर पडतात, त्यांना सेन्सरवर आणायला मागे ट्यूब लेन्स लागते. निकॉन आणि मितुतोयो या कंपन्यांच्या ऑब्जेक्टिव्हसाठी २०० मिलिमीटर, ऑलिम्पससाठी १८०. घरातली २००ची टेली लेन्स हे काम करते: फोकस अनंतावर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. लेन्सचं अ‍ॅपर्चर बंद केलं की फोकसची खोली वाढते हा नियम इथे विसरायचा. बंद केलं तर कोपरे काळे पडतात, एवढंच हाती लागतं. २००ऐवजी १०० वापरली तर दहा एक्सचं पाच एक्स होतं आणि कोपऱ्यांची वाट लागते.

स्वस्त पर्याय म्हणजे रेनॉक्स डीसीआर-१५० ही क्लोजअप लेन्स, फोकल लेंग्थ २०८ मिलिमीटर. एरवी ती कॅमेऱ्याच्या लेन्सवर चढते आणि तिचं पुढचं तोंड वस्तूकडे असतं. इथे ते तोंड सेन्सरकडे करायचं, कारण आता वस्तूच्या जागी सेन्सर आहे.

मितुतोयोचं १०एक्स/०.२८ महाग आहे, पण वस्तूपासून ३३ मिलिमीटरपेक्षा जास्त मोकळी जागा ठेवतं. प्रकाशाशी झगडून झाल्यावर त्या जागेची किंमत कळते.

[दृश्य: रात्र. बंद पंखा. ओट्यासारखा काळा दगड, त्याखाली रबरी चेंडू.]

दहा एक्सला सेन्सरचा चार मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एक पिक्सेल वस्तूवर ०.४ मायक्रॉन व्यापतो. वस्तू एक मायक्रॉन हलली तरी चित्र अडीच पिक्सेल पुसलं जातं. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. छताचा पंखा, फ्रीजचा कॉम्प्रेसर, रस्त्यावरून गेलेली एसटी, लाकडी फरशीवरचं आपलंच पाऊल, यातलं काहीही चित्र बिघडवायला पुरेसं.

ट्रायपॉड इथे निरुपयोगी. कॅमेरा एका पायावर आणि वस्तू दुसऱ्या टेबलावर, ही मांडणीच चुकीची. दोन्ही एकाच ताठ पाट्यावर हवेत. दोन्ही एकत्र हलले तर चित्राला पत्ता लागत नाही. सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे कडप्प्याचा दीड-दोन फुटांचा तुकडा, खाली चार मऊ रबरी चेंडू, वर कॅमेरा आणि वस्तू दोन्ही आडवे मांडलेले. कडप्पा जड असतो, चेंडू थरथर गिळतात, आणि फरशीच्या दुकानात उरलेला तुकडा फार पैसे न मोजता मिळतो.

कॅमेऱ्याच्या आतला हादराही कमी नसतो. आरसा वर घेऊन ठेवा, पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक करा. खोली अंधारी करून एक सेकंदाचं शटर आणि मागच्या पडद्याला, म्हणजे शटर बंद होण्याच्या बेताला, फ्लॅश ठेवला, तर सुरुवातीची थरथर अंधारात विरून जाते. सोळाव्या भागाच्या पॉवरला फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या साधारण दहा हजाराव्या भागाएवढा असतो. त्यात हलायला वेळच मिळत नाही.

[दृश्य: पतंगाचा पंख, कापलेला पिंगपाँगचा चेंडू, त्यातून डोकावणारं ऑब्जेक्टिव्ह.]

ओसरीच्या दिव्याखाली सकाळी मरून पडलेला पतंग मिळाला तर त्याच्या पंखाचा तुकडा दुहेरी चिकटपट्टीवर सपाट बसवा. ब्रश लावू नका, खवले निघून येतात. रबरी ब्लोअरची हलकी फुंकर पुरे. चिकटवल्यावर वीस मिनिटं थांबा, कारण चिकटपट्टी सावकाश बसत असते आणि स्टॅक, म्हणजे एकामागून एक थर टिपणं, चालू असताना पंख सरकला तर सगळं वाया. फुलपाखरांच्या बाबतीत एक सूचना: काही जाती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या अनुसूचीत आहेत, आणि तो कायदा मेलेल्या फुलपाखरालाही लागतो.

पिंगपाँगचा चेंडू मधोमध कापून त्याला ऑब्जेक्टिव्हच्या नाकाएवढं भोक पाडा आणि वस्तूवर टोपीसारखा ठेवा. प्रकाश बाहेरून, दोन बाजूंनी. चेंडू नसेल तर ट्रेसिंग पेपरची नळी चालते. मऊ प्रकाशाशिवाय पंखाचा प्रत्येक खवला एक पांढरा ठिपका होतो, रंग हरवतो. मात्र चारी बाजूंनी सारखाच प्रकाश टाकला तर पंख वॉलपेपरसारखा सपाट दिसतो. एक बाजू थोडी अंधारी राहू द्या.

आता उरलेला आकडा, ०.२५. न्यूमरिकल अपर्चर, म्हणजेच एनए. यावरून दोन गोष्टी ठरतात. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरून तिला एनएच्या वर्गाने भागलं की फोकसमध्ये येणारी जाडी मिळते: ०.२५ला जवळजवळ ९ मायक्रॉन. चार एक्सच्या ०.१०ला ५५. म्हणून एका फोटोत काहीच मावत नाही, थर-थर टिपून जोडावे लागतात. थर एकमेकांवर चढायला हवेत, तेव्हा दहा एक्सला पाऊल ६ मायक्रॉनचं, चार एक्सला ४०चं. पंखाची उंची ०.३ मिलिमीटर धरली तर पन्नास फ्रेम. मुंगीचं एक मिलिमीटर खोल डोकं घेतलं तर एकशेसत्तरच्या आसपास.

सहा मायक्रॉन हाताने मोजायचे तर मोडकळीला आलेल्या मायक्रोस्कोपचा फोकस ब्लॉक, म्हणजे नॉबने सरकणारा भाग, शोधा. पुष्कळ ब्लॉकवर फाइन नॉबचा एक फेरा ०.२ मिलिमीटरचा आणि त्यावर शंभर रेघा असतात, म्हणजे एका रेघेला दोन मायक्रॉन. कॅमेरा सरकवणाऱ्या मोटरच्या रेलचं गणितही सरळ आहे: एक मिलिमीटर पिचचा स्क्रू आणि फेऱ्याला २०० पावलं, म्हणजे एक पूर्ण पाऊल ५ मायक्रॉन. कोणतंही साधन घ्या, जायचं एकाच दिशेने. मागे वळलात तर आट्यांतली ढिलाई आधी खर्च होते, पहिल्या चार-पाच फ्रेम जागच्या जागी निघतात. आणि थर घेताना टेली लेन्सची फोकस रिंग चुकूनही फिरवायची नाही. हलायची ती वस्तू, किंवा अख्खा कॅमेरा.

[दृश्य: पांढऱ्या स्टिल्बाइटवर निळाशार कॅव्हन्साइटचा गुच्छ.]

किडे नको असतील त्यांच्यासाठी पुण्याजवळचं वाघोली आहे. तिथल्या दगडखाणींतून निघालेलं कॅव्हन्साइट जगभरच्या खनिज संग्राहकांना ठाऊक आहे. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तिन्हींवरून त्याचं नाव पडलं. पाच मिलिमीटरचा गुच्छ चार एक्सच्या ५.९ गुणिले ३.९ मिलिमीटरच्या फ्रेमला जेमतेम पुरतो. खोली तीन मिलिमीटर, म्हणजे पाऊणशे फ्रेम. इथे अडचण उलटी असते: निळ्यासाठी प्रकाश धरला की खालचं पांढरं स्टिल्बाइट जळतं. हिस्टोग्राम पांढऱ्याकडे बघून लावा, निळा नंतर उचलता येतो.

[दृश्य: संगणकाचा पडदा. फ्रेम एकेक करून मिसळत जातात.]

सगळ्या फ्रेमचं एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने बांधलेलं असावं, आयएसओ कमीत कमी. थर जोडणाऱ्या झेरीन स्टॅकर सॉफ्टवेअरमध्ये पीमॅक्स पद्धत एकमेकांवरून गेलेले केस आणि स्फटिकांच्या सुया नीट सोडवते, पण नॉइज आणि कॉन्ट्रास्ट वाढवते. डीमॅप रंग आणि पोत जपतं, पण कडांपाशी घोळ घालतं. दोन्ही काढून एकाचे चांगले भाग दुसऱ्यावर रंगवायचे. खोल स्फटिकांना दहा-पंधरा फ्रेमचे, थोडे एकमेकांवर चढलेले गट आधी जोडून, मग ते गट एकत्र करणं जास्त स्वच्छ जातं. चित्रभर सारख्याच दिशेने गेलेल्या बारीक रेघोट्या दिसल्या तर ती वस्तूची रचना नव्हे, सेन्सरवरची धूळ आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम किंचित सरकवून जुळवतं, तसा धुळीचा कण मागे शेपूट सोडत जातो.

मापाची पट्टी टाकायची असेल तर त्याच मांडणीत स्टेज मायक्रोमीटरचा एक फोटो घ्या: एक मिलिमीटरचे शंभर भाग. ऑब्जेक्टिव्हवरच्या दहाच्या आकड्यावर विसंबू नका, तुमच्या नळीची लांबी काही वेगळं सांगत असते.

[दृश्य: एकच खवला, पूर्ण पडदाभर.]

खवल्यावरच्या उभ्या रेघा एकमेकींपासून साधारण एक ते दोन मायक्रॉनवर असतात. ०.२५ एनएला दोन बिंदू वेगळे दिसायला १.३ मायक्रॉन लागतात. म्हणून काही पंखांवर त्या रेघा स्पष्ट येतात आणि काहींवर नुसती रेशमी चमक राहते. ती शार्पनिंगने उलगडत नाही, जास्त मेगापिक्सेलनेही नाही. तिथे २०एक्स/०.४२ लागतं, कव्हर स्लिपच्या जागी शून्य लिहिलेलं. पाऊल अडीच मायक्रॉनचं, आणि त्याच ०.३ मिलिमीटरसाठी एकशेवीस फ्रेम.