पूर्वार्धाची की उत्तरार्धाची?

मित्रहो, मोठ्या खेळाडूच्या जर्सी जमवणारी दोन माणसं भेटली की बोलणं किमतीवरून सुरू होतं आणि पुराव्यापाशी येऊन अडतं. मी आज थेट पुराव्यापासूनच सुरुवात करतो.

२२ जून १९८६. मेक्सिको सिटीचं अझ्टेका स्टेडियम, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. मॅराडोनाने हाताने ढकललेला तो गोल आणि चारच मिनिटांनी निम्मं मैदान कापत, एकामागून एक इंग्लिश खेळाडूंना चकवत केलेला दुसरा गोल, हे दोन्ही उत्तरार्धातले. सामना संपल्यावर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने त्याच्याशी जर्सी बदलली. पहिल्या गोलाच्या वेळी चेंडू उंच उडवून आपल्याच गोलकीपरच्या दिशेने मागे धाडणारा खेळाडूही हॉजच, म्हणजे त्या गोलात त्याचाही थोडा हात होताच! हॉजने ती जर्सी बरीच वर्षं इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयात ठेवायला दिली होती. मे २०२२ मध्ये सदबीज या लिलाव कंपनीच्या लिलावात ती ७१ लाख पौंडांहून जास्त किमतीला गेली.

पण लिलावाआधी मॅराडोनाच्या मुलीने हरकत घेतली होती. तिचं म्हणणं, मॅराडोनाने मध्यंतरात जर्सी बदलली होती आणि हॉजकडे आहे ती पूर्वार्धातली, गोल झाले ती नव्हे. हॉजने ते साफ नाकारलं. खेळाडू तोच, सामना तोच, रंग तोच, नंबर तोच. तरीही दोन जर्सींमध्ये जमीनअस्मानाचं अंतर, कारण पूर्वार्धात गोलच झाला नव्हता. मग ठरवायचं कसं?

इथे त्या जर्सीची जन्मकथा कामाला येते. मेक्सिकोतल्या उकाड्यात आणि उंचीवर जाड निळी जर्सी नको, असं अर्जेंटिनाचे प्रशिक्षक बिलार्डो यांचं मत पडलं. सामना तोंडावर आलेला. मग संघातल्या माणसाने मेक्सिको सिटीतल्या दुकानांतून हलक्या कापडाच्या निळ्या जर्सी शोधून आणल्या. त्यांवर संघाचे बिल्ले घाईघाईत शिवले गेले आणि अमेरिकन फुटबॉलला शोभतील असे चंदेरी नंबर चिकटवले गेले. आता घाईत, हाताने केलेलं काम म्हटल्यावर एकेका जर्सीवर बिल्ला थोडा इकडेतिकडे असणारच. सदबीजने सामन्याच्या छायाचित्रांशी ताडून पाहिलं ते नेमकं हेच: बिल्ला, कापडावरच्या पट्ट्या आणि नंबर. आमच्या मंडळींत याला ‘फोटोमॅच’ म्हणतात. माझ्या मते ती जर्सी ओळखता आली याचं निम्मं श्रेय त्या गडबडीत झालेल्या शिलाईला जातं.

आजची जर्सी याच्या अगदी उलट. कारखान्यातून निघालेल्या शंभर जर्सी शंभर वेळा सारख्याच. म्हणून मग नंबर किंचित तिरका बसलाय का, छपाईची कड कुठे उचकटलीय का, गवतावर घसरून धागा कुठे ओढला गेलाय, अशा खुणा शोधाव्या लागतात. डिसेंबर २०२३ मध्ये मेस्सीच्या २०२२ च्या विश्वचषकातल्या सहा जर्सी ७८ लाख डॉलरला विकल्या गेल्या. सगळ्या पूर्वार्धातल्या. अंतिम सामन्यातली जर्सीही त्यांत होती. फ्रान्सविरुद्धची २३व्या मिनिटाची पेनल्टी या जर्सीतली, पण १०८व्या मिनिटाचा गोल या जर्सीतला नव्हे. आणि बघा, पौंड डॉलरहून महाग, म्हणजे जगज्जेत्याच्या सहा जर्सी मिळून मॅराडोनाच्या त्या एका जर्सीपेक्षा स्वस्त पडल्या.

अर्थात हे सगळं श्रीमंतांचं झालं. आपल्यासारख्यांनी काय करावं? एका खेळाडूची कारकीर्द वाचायला शिकावं. मेस्सीच घ्या. बार्सिलोनात त्याचा नंबर आधी ३०, मग १९ आणि रोनाल्डिन्हो गेल्यावर २००८ पासून १०. म्हणजे २००७-०८ च्या नमुन्यावर मेस्सीचं नाव आणि खाली १० दिसला, तर पुढे बघूच नका. बार्सिलोनाच्या जर्सीच्या छातीवर युनिसेफचं नाव आलं २००६ मध्ये, कतार फाउंडेशन २०११ मध्ये, राकुटेन २०१७ मध्ये. अर्जेंटिनासाठी पहिला सामना ऑगस्ट २००५ मध्ये हंगेरीविरुद्ध, पाठीवर १८. बदली म्हणून उतरला आणि क्षणात लाल कार्ड घेऊन बाहेर! त्या जर्सीला घाम लागायलाही वेळ मिळाला नसेल.

दुकानातली साधी जर्सी, खेळाडूंच्या जर्सीसारखी बनवून दुकानात विकली जाणारी ‘प्लेयर व्हर्जन’, संघासाठी तयार केलेली ‘प्लेयर इश्यू’ आणि प्रत्यक्ष सामन्यात घातलेली ‘मॅच वोर्न’ या चार वेगळ्या गोष्टी आहेत. विकणारे त्यांची मुद्दाम सरमिसळ करतात. आदिदासच्या साध्या प्रतीवर बिल्ला बहुधा भरतकामाचा असतो, प्लेयर व्हर्जनवर उष्णतेने चिकटवलेला. कित्येकांना भरतकाम भारी वाटतं आणि तिथेच ते फसतात. आतल्या छोट्या लेबलवरचा कोड आणि निर्मितीची तारीख हंगामाशी जुळते का, एवढं तपासलं तरी बरेच नकली माल गळतात.

सहीबद्दल मात्र माझं मत कडवट आहे. सही केलेली जर्सी भिंतीवर छान दिसते, पण ती घालून तो खेळला का, हे सही सांगत नाही. खेळाडू दुकानातून आणलेल्या जर्सीवरही सही करतो, दिवसाला शेकडो करतो. मला सहीपेक्षा ती जर्सी कोणाच्या हातून कोणाकडे गेली, याची लेखी साखळी जास्त प्रिय. हॉजच्या जर्सीचं बळ तेच होतं, मैदानातून थेट एकाच माणसाकडे.

आता नेहमीचा प्रश्न, धुवायची का? सामन्यात घातलेली असेल तर अजिबात नाही. गवताचा हिरवा डाग, मातीचा ठिपका हाच फोटोशी जुळवायचा आधार असतो आणि साबणाने तोच जातो. न घातलेली जर्सी ठेवताना नंबरावर घडी पाडू नका, छपाईला तडे जातात. मध्ये आम्लरहित कागद घाला. इस्त्री तर छपाईच्या जवळपासही नको. आणि चौकट करून खिडकीसमोर टांगायची हौस असेल, तर प्रत टांगा. खरी जर्सी अंधाऱ्या कपाटातच बरी, कारण उन्हाने रंग उडाला की मग फोटोशी काय जुळवणार?