त्यालाच विचारा

नमस्कार श्रोतेहो.

आज मी माझ्या दादाबद्दल बोलणार आहे. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, आता ५२ वर्षांचा. त्याला डाउन सिंड्रोम आहे. आपल्या शरीरात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यातल्या २१ व्या ठिकाणी दादाकडे दोनाऐवजी तीन आहेत. हे कारण १९५९ साली सापडलं, आणि म्हणूनच २१ मार्चला जगभर डाउन सिंड्रोम दिवस पाळतात. बघा, तारखेतच २१ आहे आणि तिसरा महिना आहे.

शास्त्र एवढं पुरे. रोजच्या जगण्यातली गोष्ट वेगळीच आहे. अशा माणसांच्या जिभेचे, ओठांचे स्नायू सैल असतात, पुष्कळांना ऐकायलाही कमी येतं. त्यामुळे प्रश्न विचारल्यावर उत्तर जिभेवर यायला वेळ लागतो. वेळ लागतो, पण उत्तर असतं. पुन्हा सांगतो, उत्तर असतं.

आता दादाच्या मिशीची गोष्ट.

वडील होते तोवर दादाची दाढी तेच करायचे. ते गेल्यावर काम माझ्याकडे आलं. दर रविवारी सकाळी आंघोळीआधी, मोरीजवळ स्टूल टाकून, मी त्याची दाढी करायचो आणि ओठांवरचंही साफ करून टाकायचो. सलूनमध्ये कधी नेलं नाही. का नेलं नाही, तेही सांगतो. लोक बघतात म्हणून. आईला मी सांगायचो की त्याला तिथं घाबरायला होईल. घाबरत होतो मी.

चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात अंगणातल्या फरशीवर पाय घसरला आणि माझा उजवा हात मोडला. प्लॅस्टर बसलं. पंधरा दिवसांत दादाचे गाल असे वाढले की आई म्हणाली, “अरे, नेऊन आण की बाबा त्याला.” मग नेलं. आमच्या कराडला स्टँडच्या मागच्या बोळात एक छोटं दुकान आहे, दोन खुर्च्यांचं. टीव्ही नाही. मला ते फार आवडतं. सलून ही गप्पांची जागा आहे. तिथं गावातली लग्नं, पाऊस, उसाचा दर हे सगळं कळायला हवं. हल्ली मान वर करून पडद्याकडे बघत बसतात, शेजारच्या खुर्चीवर कोण आहे याचाही पत्ता नसतो. असो.

दादा खुर्चीत बसला. कारागिरानं गळ्याभोवती कापड बांधलं, गालावर पाणी मारलं, ब्रशनं फेस चढवला आणि आरशात दादाकडे बघून विचारलं, “बोला दादा, कसं करायचं?”

मी मागच्या बाकावरून सवयीनं म्हणालो, “सगळं साफ करा.”

त्यानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. शांतपणे म्हणाला, “तुम्हाला नाही, यांना विचारलं.”

आणि तो थांबला. श्रोतेहो, तो नुसता थांबला. हातात वस्तरा, त्यात नवं अर्धं पातं. बाकावर आणखी दोन गिऱ्हाइकं ताटकळलेली. दादाच्या गालावरचा फेस कडेनं सुकायला लागला. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, ते मी कसंबसं गिळलं. कारागिरानं परत ब्रश ओला केला, परत फेस लावला, पण प्रश्न परत विचारला नाही. मग कापडाखालून दादाचा हात बाहेर आला. त्यानं एक बोट नाकाखाली टेकवलं आणि म्हणाला, “हे... राहू दे.”

आमच्या घरात कुणालाच मिशी नाही. वडिलांना नव्हती, मला नाही. ती त्याला कधीपासून हवी होती कोण जाणे! मी दर रविवारी ती काढत होतो, आणि तो गप्प बसून काढू देत होता, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

कारागिरानं दोन्ही टोकं कात्रीनं सारखी केली, गालावर तुरटी फिरवली. घरी आल्यावर आईनं दादाकडे बघितलं, आत गेली, मीठमोहऱ्या आणल्या आणि त्याची दृष्ट काढली. त्या दिवशी जेवताना दादा वाटीतल्या आमटीकडे बघायचा सोडून वाटीच्या कडेत आपला चेहरा बघत होता.

म्हणून म्हणतो, त्यालाच विचारा. बँकेत, दवाखान्यात, लग्नात दादा समोर उभा असतो आणि लोक मला विचारतात, “यांना चहा चालतो का?” हे लोक दुष्ट नसतात. त्यांना घाई असते, थोडा संकोच असतो. पण मी तर सख्खा भाऊ! जीव लावणारा माणूसच सगळ्यात आधी दुसऱ्याच्या वतीनं उत्तर देऊन टाकतो, आणि त्याला ती आपली सेवा वाटते. हे मला माझ्यात दिसलं.

२०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. २०२२ मध्ये आपल्या राज्यात दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातं झालं. चांगलंच झालं. शब्दही बदलला, अपंगचा दिव्यांग झाला. मला विचाराल तर दादाला त्याच्या नावानं हाक मारा, तेवढं पुरतं.

आणि ज्यांच्या घरी असा भाऊ, अशी बहीण आहे त्यांना एक कामाचं. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. आईवडील धडधाकट आहेत तोवर करा. आणि अर्ज भरताना त्यालाही शेजारी बसवा, कुणाजवळ राहायला आवडेल ते विचारा, आणि थांबा.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं एसटीनं साताऱ्याला गेलो. दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत असते. कंडक्टर आले, माझ्याकडे बघून म्हणाले, “यांचं कार्ड?” मी खिडकीबाहेर बघत राहिलो. थोडा वेळ गेला. मग दादानं आधी मिशीवरून हात फिरवला, आणि शर्टाच्या खिशातून कार्ड काढून त्यांच्यापुढं धरलं.

नमस्कार.