पांदणीवरून सायकल

(पहाट. नागपूरजवळच्या झिल्पी तलावाच्या पुढची टेकडी. जाड टायरखाली मुरूम करकरतो आहे.)

हा आवाज मुरमाचा आहे. डिसेंबरचे दिवस, उजाडायला अजून थोडा अवकाश आहे. हिंगण्याकडून आत वळलो, तलाव मागे टाकला आणि डांबर संपलं.

पुढे दिसते ती पांदण. दोन्ही बाजूंना शेतांचे धुरे, म्हणजे बांध, धुऱ्यावर बोरी-बाभळी, अधूनमधून पळस, आणि मधून बैलबंडी जाईल एवढी जागा. दोन चाकोऱ्या आणि त्यांच्या मध्ये गवताची पट्टी. सायकलवाल्याला त्यातली एक चाकोरी पुरते.

माउंटन बाइक घेतली की आपल्याकडची पोरं मनालीचे नाहीतर सह्याद्रीतले व्हिडिओ पाहत बसतात. नागपुरात डोंगर कुठे आहेत, असं विचारतात. डोंगर नाहीतच. हे शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आहे. पण इथल्या खेड्याखेड्यांना जोडणाऱ्या पांदणी, ढोरवाटा, तलावाच्या पाळी आणि मुरमाच्या टेकड्या आहेत. सायकलसाठी वेगळ्या वाटा बांधण्याआधी या वाटा नीट पाहाव्यात, त्या कुणाच्या आहेत हे ओळखावं आणि त्या राखायला हातभार लावावा, हे सांगण्यासाठी हा व्हिडिओ केला आहे.

(टेकडीचा चढ. काळा दगड, त्यावर मुरूम, वाळलेलं गवत.)

नागपूर दख्खनच्या काळ्या दगडाच्या पूर्वेच्या काठावर बसलं आहे. हिंगणा, कळमेश्वर, काटोलकडे गेलात की बेसाल्ट, म्हणजे लाव्हारसाचा दगड. तो झिजून मुरूम होतो, आणखी झिजून काळी माती होते. रामटेकच्या बाजूला गेलात तर याहून कितीतरी जुने खडक लागतात आणि जमिनीचा पोतच बदलतो. एका दिवसात दोन्हीकडे सायकल चालवली, तर हा फरक हाताच्या तळव्यांना कळतो.

मुरूम चांगला. पाणी पितो, लवकर सुकतो, टायर धरून ठेवतो. काळ्या मातीचं तसं नाही. मी पहिल्यांदा जुलैत या भागात आलो. रात्री पाऊस पडून गेला होता, सकाळी ऊन होतं, म्हणून निघालो. शंभर पावलंही गेलो नसेन. माती टायरला चिकटली, टायरवरून फ्रेममध्ये गेली, फ्रेममध्ये तिचा गोळा झाला आणि मागचं चाक फिरेनाच. सायकल खांद्यावर घ्यावी तर ती दुप्पट जड. बाभळीची काडी मोडून अर्धा तास चिखल खरवडत बसलो. पण खरी चूक मागे वळून पाहिल्यावर कळली. ओल्या पांदणीत माझ्या चाकाची खोल रेघ उमटली होती. ती सुकली की तशीच कडक होणार, पुढच्या पावसात पाणी त्याच रेघेतून धावणार आणि तिची नाली होणार. ज्याला रोज बंडी न्यायची आहे, त्याची वाट मी एका सकाळी खराब केली होती.

तेव्हापासून साधा नियम पाळतो. पाऊस पडून गेला की पांदणीच्या तोंडाशी उतरून चार पावलं चालायचं. माती बुटाला चिकटली, तर माघारी फिरायचं.

(तरुणांचा एक गट टेकडीवर कुदळ-फावड्यानं वाट दुरुस्त करतो आहे.)

वाटेचा पहिला शत्रू पाणी. जगभर सायकलवाटा बांधणारे लोक चाकांआधी पाण्याचा विचार करतात. टेकडीवरून सरळ खाली उतरणारी वाट लवकर मरते, कारण पावसाचं पाणीही त्याच वाटेनं उतरतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिचा ओघळ होतो. म्हणून वाट उताराला आडवी न्यायची. ठोकताळा असा, की टेकडीचा उतार जेवढा असेल त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ जास्त नको. टेकडी वीस टक्के उताराची असेल, तर वाट फार तर दहा टक्क्यांची. वाटेची बाहेरची कड थोडी खाली झुकवायची, म्हणजे पाणी वाटेवर न धावता आडवं निघून जातं. मध्ये मध्ये एखादा हलका खोलगट उतार ठेवायचा, तिथून उरलेलं पाणी बाहेर पडतं.

आपल्या जुन्या ढोरवाटा पाहा. ढोरं टेकडी सरळ चढत नाहीत, आडवी-तिडवी जातात. त्यांच्या मागून चालणाऱ्या गायक्याला, म्हणजे गुराख्याला, हे कुणी शिकवलेलं नाही.

(जुन्या, जड सायकलींची छायाचित्रं.)

माउंटन बाइक जन्मली तीही अशाच कामाच्या रस्त्यावर. कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात, डोंगरातली आग विझवायला गाड्या जाव्यात म्हणून केलेले कच्चे रस्ते होते. १९७०च्या दशकात तिथली काही तरुण मंडळी चाळीस वर्षं जुन्या, जाड टायरच्या लोखंडी सायकली घेऊन त्यावरून खाली सुटायची. २१ ऑक्टोबर १९७६ला त्यांनी पहिली शर्यत लावली. मागच्या चाकाचा ब्रेक पॅडल उलटं दाबून लागायचा. उतार संपेस्तोवर त्यातलं ग्रीस तापून धूर निघायचा आणि दर फेरीनंतर ते नव्यानं भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच 'रिपॅक' पडलं. वीस वर्षांनी, १९९६मध्ये, अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आला.

नागपूरला सायकलचं वेड नवं नाही. इथल्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७मध्ये अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत पार करणारी 'रॅम' ही शर्यत एकट्यानं पूर्ण केली. पण ती डांबरावरची सायकल. मातीवरची सायकल इथं अजून दूधवाल्याची आहे. दोन्ही बाजूंना कॅन अडकवून, बिनगिअरच्या सायकलवर, याच पांदणीतून तो आपल्याला रोज मागे टाकतो.

(गावाच्या आखरावर ढोरं जमली आहेत. चुलीवर चहा.)

या वाटांनी गावाला काय मिळेल, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ऑस्ट्रेलियात टास्मानियातलं डर्बी हे कथिलाच्या खाणीचं गाव. १९२९मध्ये तिथलं धरण फुटून चौदा माणसं गेली, पुढे खाण बंद पडली, गाव ओस पडत गेलं. २०१५मध्ये आजूबाजूच्या जंगलात सायकलवाटा उघडल्या आणि गावात पुन्हा माणसं यायला लागली.

अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये 'किंग्डम ट्रेल्स' नावाचं वाटांचं मोठं जाळं आहे. त्यातल्या पुष्कळशा वाटा खाजगी शेतांतून जातात. गर्दी वाढली, काही सायकलवाल्यांना वागण्याचं भान राहिलं नाही, आणि २०१९च्या अखेरीस तिथल्या तीन जमीनमालकांनी आपल्या जमिनी सायकलींना बंद केल्या. मला डर्बीपेक्षा हे उदाहरण आपल्या जवळचं वाटतं. इथंही पांदणीच्या दोन्ही अंगांना कुणाची तरी कपाशी आहे, तूर आहे, संत्र्याची बाग आहे. वाट चुकून एक चाक शेतात गेलं, तर हरभऱ्याची ओळ मोडते.

शेतकऱ्याला पांदणीवर मुरूम पडायला हवा असतो. पावसाळ्यात तिथून ट्रॅक्टर निघत नाही, माल घरात पडून राहतो. सायकलवाल्याला वाट खडबडीत असावीशी वाटते. या दोघांत मी शेतकऱ्याच्या बाजूनं आहे, कारण पांदण आधी त्याची आहे. खडबडीत वाटा टेकडीवर शोधता येतात. जंगलाच्या हद्दीत शिरायचं असेल, तर वनखात्याला आधी विचारावं. बोर व्याघ्र प्रकल्पाकडच्या रानात जनावर, म्हणजे वाघ, फिरतं.

आणि निघताना टायर तपासा. कापणीनंतर वाटेवर सराटे पडलेले असतात. हा पाहा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा, कसाही पडला तरी एक काटा वरच. ट्यूब नसलेल्या टायरात दुधासारखं चिकट द्रव घातलं, की असली भोकं आतून बुजतात. ट्यूबवाल्यांनी मात्र पंप आणि दोन-चार ठिगळं सोबत ठेवावीत.

(ऊन चढलं आहे. पांदणीवर आडवी तार.)

ही तार झटका मशीनची, म्हणजे विजेचा हलका झटका देणाऱ्या कुंपणाची. रात्री रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं येतात, म्हणून बांधतात. सकाळी कधी सोडायची राहून जाते. वेगात आलात, तर छातीवर लागेल. म्हणून वळणावर हात ब्रेकवरच हवा.

शेतातून एक म्हातारबा येताना दिसतात. डोक्याला गमछा, हातात विळा.

"कुठं चालले जी?"

"पलीकडच्या गावापर्यंत जातो, बाबा. इथून गेलं तर चालेल का?"

ते सायकलचं जाड टायर दोन बोटांनी दाबून पाहतात. मग मशीन बंद करून तारेचा हूक काढतात.

"जा ना जी. फक्त तार लावून घेजा मागून."

(सायकल पलीकडे जाते. स्वार खाली उतरतो, हूक पुन्हा अडकवतो.)