कंदील कोणी धरायचा?

पाळत म्हटलं की आपण सीसीटीव्हीपासून सुरुवात करतो. टेक्सास विद्यापीठातल्या प्राध्यापक सिमोन ब्राऊन २०१५ च्या ‘डार्क मॅटर्स’ या पुस्तकात थेट तीनशे वर्षं मागे जातात. न्यूयॉर्कमध्ये १७१२ साली गुलामांनी उठाव केला. पुढच्याच वर्षी कायदा आला: चौदा वर्षांवरच्या काळ्या किंवा मूळनिवासी गुलामाने अंधार पडल्यावर पेटता कंदील घेतल्याशिवाय रस्त्यावर यायचं नाही. सोबत गोरा माणूस असेल तर गोष्ट वेगळी. मंडळी, कंदील आपण वाट दिसावी म्हणून धरतो. इथे तो धरायचा, आपण इतरांना दिसावं म्हणून. तंत्रज्ञान म्हणाल तर काच आणि वात! संशय कोणाचा घ्यायचा, हे कॅमेरा येण्याच्या कितीतरी आधी ठरून गेलं होतं, असं बाई दाखवतात.

वंश आणि जात एकच नव्हे, हे मान्य. तरी खानदेशी माणसाला हे सगळं ओळखीचं वाटतं. सातपुड्यातले भिल्ल आवरेनात, तेव्हा १८२५ मध्ये आऊट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभी केली. ठाणं धरणगावला. पुढे गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यातही आला. पारध्याचं पोर जन्मलं की संशयित. मोठं झालं की ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायचं तर परवाना. कायदा १९५२ ला गेला. आणि २०१८ च्या जुलैत साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची व्हॉट्सॲपवरची अफवा तेवढ्याला पुरली.

पण नोंद म्हणजे नुसता फास, असंही बाई म्हणत नाहीत. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात हरून १७८३ मध्ये इंग्रज न्यूयॉर्क सोडून निघाले, तेव्हा सोबत जाणाऱ्या सुमारे तीन हजार काळ्या माणसांची नावं, वयं, अंगाची ठेवण एका वहीत उतरवली गेली. वहीत नाव असेल तरच जहाजावर, म्हणजे गुलामीतून सुटकेच्या वाटेवर, पाय ठेवता येई. पुस्तकातला हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्यातून टेंभली समजते.

शहादा तालुक्यातली टेंभली. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला तिथेच दिलं गेलं. लोकांनी बोटं आनंदाने टेकवली. कागद नसलेल्या आदिवासीला कचेरीत कोण विचारतं? मात्र गुजरातेत ऊसतोड करून आलेल्या बाईची बोटं पार झिजलेली असतात. रेशन दुकानातल्या यंत्राला ती बोटं ओळखू येत नाहीत. ओटीपी म्हणावा, तर मोबाईल नवऱ्याजवळ, नवरा सुरतेला. दुकानदार तसा भला असतो. ‘मावशी, हात धुऊन या,’ म्हणतो. मग दुसरं बोट, मग डावा हात, मग ‘उद्या या’. ती खरी कोण, हे साऱ्या पाड्याला ठाऊक असतं. उद्याची मजुरी मात्र तिचीच बुडते.